रिकाम्या तळहाताचा करपा

३ सप्टेंबर २०२४

रेणूताईस,

हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. साधं पत्र तुमच्या विभागात कोण उघडतं ते मला माहीत नाही. तुझ्या वसतिगृहाचा पत्ता आईकडे आहे, पण तिने दिला नाही. "तिलेच इचार," म्हणाली. तुला विचारणार कसं? माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. म्हणून पाकिटावर संगणकशास्त्र विभाग, विद्यापीठ आणि तुझं नाव एवढंच घातलं. ही तिन्ही नावं विभागाच्या वेबसाइटवर पाहून लिहिली, म्हणजे अक्षर चुकायला नको.

त्या वेबसाइटवर 'संशोधनातील यश' असं एक पान आहे. त्यात सर्वांत वर तुझं काम आहे. धानाच्या पानाचा फोटो पाहून करपा हा रोग ओळखणारी प्रणाली, परदेशातल्या परिषदेत स्वीकारलेला निबंध, अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के. खाली तुझा आणि तुझ्या मार्गदर्शक सरांचा फोटो आहे, एकच ढाल दोघांनी दोन बाजूंनी धरलेली. पेपरातही तेच आलं. पेपरवाल्यांनी 'धान'च्या जागी 'ध्यान' छापलं, पण आकडा तोच आहे.

फोटो कोणी काढले ते कुठेच लिहिलेलं नाही. त्याबद्दल मी लिहीत नाही. माझा प्रश्न आकड्याचा आहे.

आपल्याकडच्या कृषी सहायक मॅडम धानाच्या बांधीत, चिखलात उतरून, पान उलटं करून पाहतात, तरी कधी कधी त्यांचं चुकतं. मागच्या वर्षी मी तुला जे फोटो पाठवले त्यातले काही नंतर मलाच ओळखता येईनात. कुठे ऊन जास्त, कुठे हात हललेला. मशीनने त्यातून शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखले? वाईट फोटो काढून टाकले का? कोणी टाकले? आकडा तू काढलास की सरांनी? मी अकरावीत शाळा सोडली, त्यामुळे तुमच्या निबंधातलं इंग्रजी मला लागलं नाही. पण एखादी गोष्ट फारच सरळ जुळून आली की माझं मन तिथे अडतं, हे तुला माहीत आहे.

ईश्वरदास काकांना तू ते ॲप पाठवलंस हेही मला काकांकडूनच कळलं. काल पोळा होता. बैल तोरणाखाली उभे करून काका सगळ्यांना मोबाइल दाखवत होते. "आमच्या रेणूनं खिशात डॉक्टर पाठवला," म्हणाले. नहरेच्या पाण्याजवळच्या बांधीचा फोटो काढला, तर मशीनने 'निरोगी' सांगितलं. आता यंदा करप्याचा फवारा मारायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे.

तुझी पीएचडीची शेवटची परीक्षा एकवीस ऑक्टोबरला आहे, तेही वेबसाइटवरच दिसलं. ती खुली असते, कोणीही येऊन प्रश्न विचारू शकतो, असं सूचनेत लिहिलं आहे. बाहेरच्या माणसाने विचारलं की हा आकडा कसा आला, तर तुझ्याकडे उत्तर आहे का? असेल तर मला कळव. मी गप्प बसेन.

दिवाळीत जे बोलणं झालं ते मी विसरलो आहे.

भूपेंद्र


९ सप्टेंबर २०२४

रेणूताईस,

तुझं उत्तर आलं नाही, पण थांबण्यासारखी वेळ नाही. तुझ्याविरुद्ध काहीतरी चाललं आहे.

काल दुपारी एक मुलगा मोटरसायकलवर आला. चौकात घर विचारत आला. म्हणाला, "मी हिमांशु. रेणूच्याच लॅबमध्ये आहे. घर फुलचूरला. गणपतीसाठी आलो होतो, सोचा एक चक्कर मारू." फुलचूरहून आपल्या गावाला कोणी सहज चक्कर मारत नाही. मध्ये अख्खं जंगल लागतं.

आईने त्याला जेवायला बसवलं. तो भात खाता खाता सगळीकडे पाहत होता. मग म्हणाला, "भैया, फोटो तुम्हीच काढले ना? एकदम साफ आहेत."

"कोण म्हणालं?"

"लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे तर छापलं का नाही, असं मी विचारलं नाही.

"एक सांगा," तो म्हणाला, "फोटो काढताना पान कुठे धरत होते? हातावर, की असंच झाडावर?"

"रेणूला विचारा."

"तिला माहीत असतं तर मी इथं कशाला येतो?" आणि हसला.

आई आतून म्हणाली, "सांग ना रे, कायले लपवून राहिला? पानं चोरली का तू?"

मी सांगितलं नाही. ज्याला साधी गोष्ट हवी असते तो ती फोनवर विचारतो. एवढं जंगल ओलांडून येतो त्याला साधी गोष्ट नको असते.

मग तो काकांच्या बांधीवर गेला. मीही मागे गेलो. काकांनी मोठ्या कौतुकाने ॲप उघडलं, उभ्या धानाचा फोटो काढला. मशीन म्हणालं 'निरोगी'. हिमांशु बूट घालूनच चिखलात उतरला, वाकून पानं पाहू लागला. मीही पाहिलं. पानांवर डोळ्यासारखे ठिपके होते, मधे राखाडी, कडेने तपकिरी. एकाच रोपावर नव्हे, पुष्कळ ठिकाणी होते. तो वर येऊन काकांना एवढंच म्हणाला, "काका, ॲप काहीही म्हणो, एकदा फवारणी करून घ्या. या दोन-तीन दिवसांत."

तो गेल्यावर काका मला म्हणाले, "कोन होता बे हा? औषधाच्या कंपनीचा त नाई?"

"रेणूच्या विभागातला म्हणतो."

"रेणूच्या विभागातला मानूस रेणूच्या मशीनवर इस्वास ठेवत नाई? त्याले औषध इकाचं आहे, मी सांगतो तुले."

मलाही ते पटलं. मी काकांना म्हटलं, त्याचं ऐकू नका.

मोटरसायकल सुरू करताना हिमांशु माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी आलो होतो हे रेणूला सांगू नका. तिचं टेन्शन वाढेल." म्हणून हे पत्र लगेच लिहितो आहे. तुमच्या लॅबमध्ये एकच मोठं मशीन आहे आणि त्यावर पाळी लावून काम करावं लागतं, असं तू पूर्वी सांगायचीस. त्या पाळीत तुझ्यानंतर कोणाचा नंबर आहे? तुझी परीक्षा अडकली तर कोणाचं काम पुढे जाईल? एवढं शोध. माझ्या मते उत्तर फुलचूरला सापडेल.

भूपेंद्र


१५ सप्टेंबर २०२४

रेणूताई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पहिल्या दोन्हींत मी हिमांशुने मशीन बिघडवलं असं लिहिलं होतं. ते खरं नाही, म्हणून फाडलं. जसं झालं तसं सांगतो.

काकांचा मोबाइल मी मागून घेतला आणि बांधीवर गेलो. जिथे ठिपके अगदी स्पष्ट होते तिथे उभ्या धानाचा फोटो काढला. 'निरोगी.' पुन्हा काढला, पुन्हा 'निरोगी'. मग त्यातलंच एक रोगट पान तोडलं, तुझ्या सूचनेप्रमाणे डाव्या तळहातावर ठेवलं, ऊन पाठीमागे घेतलं आणि काढला. 'करपा.' म्हणजे मशीन काम करत होतं. मला बरं वाटलं. दुसरा फोटो घेत होतो तेवढ्यात वारा आला, पान उडालं आणि बोट बटणावर पडलं. मोबाइलवर माझा नुसता तळहात होता. खाली लिहून आलं: 'करपा, ९९ टक्के.'

मी हात धुऊन पुन्हा काढला. करपा.

घरी येऊन आईच्या हाताचा काढला. करपा. काकू दळण घेऊन आली होती, तिच्या हाताचा काढला. तिने वाचून घेतलं आणि म्हणाली, "अगा माय, मले का झालं?" मग हातावर गवताचं पातं ठेवून काढला, करपा. तेच पातं जमिनीत उभं असताना काढला, निरोगी.

हिमांशुने काकांच्या मोबाइलला हातसुद्धा लावला नव्हता. तेव्हा तो सुटला.

नंतर मी ओट्यावर बसून आठवलं. मागच्या वर्षी तू फोटो मागितलेस ते नेमके धान पोटाशी असताना, लोंबी अजून आतच होती तेव्हा. तुझी सूचना होती, रोगट असो की चांगलं, प्रत्येक पान तोडून तळहातावर ठेवायचं. रोगट पानं मी तोडली. आईची त्याला ना नव्हती, रोगट पान निघालं तर धानाचंच ओझं उतरतं असं ती मानते. पण हिरवं पान? धान पोटाशी आलं की आपल्या घरात कोणी हिरवं पान खुडलं आहे का? आई बांधीच्या कोपऱ्यात हळद-तांदूळ ठेवून येते आणि निसवून लोंबी बाहेर येईपर्यंत आपल्याला विळाही आत नेऊ देत नाही. म्हणून चांगल्या पानांचे सगळे फोटो मी उभ्या धानातच काढले. एकही हातावर नाही.

म्हणजे तुझ्या मशीनला मी काय शिकवलं? हात दिसला तर रोग. हात नसला तर सगळं चांगलं. अठ्ठ्याण्णव टक्के त्याचे आहेत. ते मशीन हात ओळखतं, आणि हात ओळखणं सोपं आहे.

आता मी विचारतो ते नीट वाच. हे मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं. तेव्हा आपण फोनवर बोलत होतो. मी म्हटलं होतं, "ताई, चांगली पानं उभ्यातच काढून राहिलो." तू म्हणालीस, "हो, मग? आता पोटाशी आलेलं धान खुडणार का तू?" आणि तू हसलीस. मला तो आवाज आठवतो. तुझ्या सरांना त्यात काही दिसणार नाही, त्यांनी धान ताटातच पाहिलं आहे. तू या घरची आहेस. तुला ते इतकं साधं वाटलं की दिसलंच नाही, की दिसलं आणि आकडा चांगला आला म्हणून तू गप्प बसलीस? मला दोन्ही खरं वाटतं. एक सकाळी वाटतं आणि एक संध्याकाळी.

काकांकडे लगेच गेलो. फवारा मारा म्हटलं. काका म्हणाले, "गेल्या हप्त्यात तूच म्हनला, त्याचं आयकू नोको. आता म्हनते आयका. आधी घरात ठरवा न तुमी. रेणूचं मशीन खोटं बोलून राहिलं का?"

मी 'हो' म्हणू शकलो नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते म्हणणं बरोबर नाही. काकांच्या मोबाइलवर तुझा नंबर चालतो. तू त्यांना एक फोन केलास तर पुरे.

भूपेंद्र


२५ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन बकाराम म्हणाला, "बहीणभाऊ या मोबाइलच्या जमान्यात रजिस्टर खेळून राहिले का?" मी सही करून घेतलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं.

हिमांशुला तूच पाठवलं होतंस, हे वाक्य मी किती तरी वेळ पाहत बसलो. मला वाटलं होतं तू सरळ उत्तर देशील किंवा रागावशील. हे सुचलं नव्हतं. "तुला मी विचारलं असतं की पान कुठे धरलं होतंस, तर तू म्हणाला असतास की आता चूक माझ्यावर ढकलते. दिवाळीला सगळ्यांसमोर चोर म्हणालास. फोटो विकते म्हणालास. म्हणून दुसऱ्याकडून विचारून घेतलं." असं तू लिहिलंस. मी तसं म्हणालो असतो का याचा मी विचार केला. म्हणालो असतो.

बाकीचं पत्र मी आणखी दोनदा वाचलं. मी तेव्हा फोनवर सांगितलं होतं, त्याचं उत्तर त्यात सापडलं नाही. तुमच्या लॅबमधल्या निशाने तुझ्या मशीनला लावून पाहिलेली ती युक्ती मला कळली. मशीनने फोटोत कुठे पाहून निर्णय घेतला तिथे लाल रंग चढतो. पानावर चढायला हवा होता, तो बोटांवर चढला. तू लिहितेस, "सगळे खुर्च्या मागे सारून माझ्याकडे पाहायला लागले आणि मी म्हटलं, सर्व्हर हँग झाला असेल." तू असं खोटं बोलू शकतेस हे मला नवीन आहे. पण तिथे मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

सर म्हणाले की आता काही बदलू नको, आधी पदवी घे, मग दुरुस्त करू. निबंध छापून आला आहे, विभागाच्या नावाचा प्रश्न आहे. त्यावर तू मला विचारतेस, "तुझ्या मते काय करू?" माझ्या मते काय, हे तू मला शेवटचं कधी विचारलं होतंस? मला आठवत नाही, म्हणून संशयच आला. वाटलं, निर्णय माझ्या गळ्यात घालते आहे. मग वाटलं, असू दे.

तर हे माझं मत. परीक्षेत कोणी विचारणार नाही हे मला आता माहीत आहे. विचारणाऱ्याला धानाची रीत माहीत नसणार. तू 'डॉक्टर' होशील आणि फक्त आपल्याला माहीत असेल. पण हे ॲप पुढच्या वर्षी तालुक्याला देणार असं पेपरात लिहिलं आहे. ते मला चालणार नाही. तू गप्प राहिलीस तर मी बोलेन. धमकी म्हणून लिहीत नाही. तुला आधी माहीत असावं म्हणून लिहितो.

दुसरं. पदवी मिळो न मिळो, बरोबर फोटो लागतील, आणि उशिरा येणारं जड धान आत्ता पोटाशी आहे. आणखी थोड्या दिवसांत निसवेल, मग वर्ष गेलं. चांगली पानं हातावर पाहिजेत आणि रोगट पानं उभ्यातही पाहिजेत. म्हणून काल मी आईशी बोललो. मनात खूप जुळवाजुळव करून गेलो होतो. रेणूच्या परीक्षेचा प्रश्न आहे, फक्त एका बांधीतली पानं खुडतो, काय म्हणशील ती पूजा करतो.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "खुडतेस कायले?"

"हातावर ठेवून फोटो पाहिजे."

"मंग हात खाली धर ना. पान झाडाले राहू दे, तू आपला हात त्याच्याखाली घाल. पोटुशी बाईले कोनी हात लावत नाई का? तोडू नोको म्हनलं होतं मी, हात लावू नोको कोनं म्हनलं?"

"मागच्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं होतं का? तू त मोबाइल घेऊन असा जाये जसा पोलिसात लागला."

आज सकाळपासून आम्ही दोघं बांधीत आहोत. ती पानाखाली हात धरते, मी काढतो. माझा हात, तिचा हात, हात नाही, सगळं करतो आहे. तिच्या बोटांना हळद लागलेली असते, ती पुसून घे म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, तुझ्या मशीनले हळद माहीत होईन." फोटो हिमांशुच्या पत्त्यावर पाठवतो, तूच तसं लिहिलं आहेस. मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते तू वाचलं असलंस तरी त्याला वाचून दाखवू नकोस.

काकांना तू अजून फोन केलेला नाहीस. त्यांच्या नहरेकडच्या बांधीत निसवा सुरू झाला आहे आणि लोंबीची मान काळी पडते आहे. त्याला मानमोडी म्हणतात, हे मी तुला सांगायला नको. आता फवारा मारून उपयोग नाही. बाकीच्या बांध्यांत मी स्वतः पंप पाठीवर घेऊन मारला. मशीन चुकलं असं सांगितलं नाही. माझी खात्री होईना, एवढंच म्हटलं. काका म्हणाले, "तुझी कधी होते?"

तुझा भाऊ
भूपेंद्र


८ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

काल तुझ्या सरांचा फोन आला होता. नंबर अनोळखी होता, म्हणून आधी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"रेणूचे बंधू ना आपण? अभिनंदन, बहीण फार हुशार आहे आपली."

"हो सर."

"एक छोटी शंका होती. फोटो आपण सगळे एकाच पद्धतीने काढले होते ना?"

"नाही सर. रोगट पानं हातावर, चांगली उभ्या धानात."

"बरं. म्हणजे आठवतं तसं सांगताय आपण. असं कोणाला लिहून वगैरे दिलेलं नाही ना?"

"दिलं आहे सर. रजिस्टर पोस्टाने."

"कोणाला?"

"रेणूला."

त्यांनी फोन ठेवला. मग मात्र मला वाटलं, माझ्या एका वाक्याने तुझी पाच वर्षं गेली. तुला कळवायला मार्ग नव्हता. आईच्या मोबाइलवरून लावावा म्हणून आत गेलो, तर ती आधीच तुझ्याशीच बोलत होती. मी दारात उभा राहिलो. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "मंग झालं ना. रडतेस कायले? सांगून मोकळी झालीस ना?"

तिने मला नंतर सांगितलं. नवे फोटो मशीनला दाखवले तर आकडा एकसष्टवर आला. तू तो आकडा घेऊन सरांना न विचारता संशोधन समितीपुढे गेलीस आणि परीक्षा पुढे ढकलायला सांगितलीस. निबंध परत घेण्याचं पत्रही तूच लिहिलंस. म्हणजे सरांनी मला फोन केला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ते माझ्याकडून काय मिळवणार होते ते मला कळत नाही. मी त्यावर विचार करत बसलो होतो, आई म्हणाली, आता पुरे.

एकसष्ट म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. पण ताई, ते एकसष्ट पानाकडे पाहून आलेले असतील, असं मला वाटतं. निशाला सांग, लाल रंग कुठे चढतो ते पुन्हा पाहा म्हणावं. हे मी संशयाने विचारत नाही. थोडं संशयानेच विचारतो.

शुक्रवारी तू येते आहेस, हे आईने सांगितलं. काकांना तू स्वतः सांगणार आहेस, भूपेंद्रने मधे पडू नये, असाही निरोप दिला. मी पडलो नाही. काका रोज विचारतात. नहरेकडची बांधी जवळजवळ तणसच झाली आहे, लोंब्या हातात घेतल्या की फोलपटं वाजतात. काल गावातले चार जण बसले असताना म्हणाले, "मशीन म्हने चांगलं, धान म्हने मेलो. कोनाचं आयकाचं?" सगळे हसले. मी तिथेच होतो. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले माहीत आहे ना काहीतरी? तुझ्या तोंडावर दिसते."

मी म्हटलं, "रेणू शुक्रवारी येऊन राहिली."

"ती का करन येऊन?"

"ते तिलाच विचारा."

आजवर मला एवढं अवघड काही गेलं नव्हतं. तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कळली की ती पोटात राहत नाही. पण ही तुझी आहे.

फक्त एक सुचवतो. काकांच्या घरी जाऊन सांगू नकोस. काकू लगेच चहा ठेवेल, पाटावर बसवेल, शहराच्या गोष्टी विचारेल, आणि तू सांगायचं टाळशील. मी टाळलं असतं. बांधीवरच ये. काका सकाळी तिथेच असतात. चप्पल काढून सरळ त्या मेलेल्या बांधीत उतर आणि उभ्याउभ्या सांग. रागावले तर रागावू देत, शिव्या देतील, मशीन नहरेत फेकतील. हो, मोबाइल त्यांचा आहे, तेवढं बघ.

मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहीन. बोलणार नाही. तू वळून पाहिलंस तर दिसेन एवढ्या अंतरावर.

भूपेंद्र